आमच्या दूध सोसायटीच्या सेक्रेटरी भाईंना

आदरणीय भाई,
सादर नमस्कार.

बाबांच्या आजारपणात सोसायटीने कॉट आणि साहित्य भाड्याने दिलं, त्याचे सर्वसाधारण सभेत मी आभार मानायला उठले, तर तुम्ही लगेच पुढचा विषय घेतलात. म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यातल्या इतर सोसायट्यांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा जे व्हायला हवं होतं ते झालं. १०८ रुग्णवाहिका आली, वाळपईहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी जीव वाचवला. मोठ्या उपचारांसाठी गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. पण हा सगळा आधार इस्पितळाच्या दारापर्यंत. बाबा घरी आले ते उजवी बाजू लुळी घेऊन, आणि आई त्यांच्यापुढे एवढीशी. दर दोन तासांनी कूस बदला, पाठीला जखमा होऊ देऊ नका, असं बजावून पाठवलं होतं. जमिनीवरच्या गादीवर एकटीने ते कसं करायचं? शहरातल्या एका दुकानात कॉटचं महिन्याचं भाडं विचारलं. आकडा ऐकून आईने मला फोन ठेवायलाच सांगितलं.

आई दूध घालायला आली नाही म्हणून तुम्ही चौकशी केलीत, आणि संध्याकाळी दुधाच्या टेम्पोतून फाउलर कॉट, म्हणजे इस्पितळात असते तशी डोक्याकडून वर उचलता येणारी खाट, आमच्या अंगणात उतरली. बरोबर हवेची गादी आणि व्हीलचेअर. आई हात जोडायला लागली तर तुम्ही वही पुढे केलीत. रोजचं थोडकं भाडं, परत मिळणारं डिपॉझिट, वस्तू धुऊन-पुसून परत करण्याची अट, खाली सही. "वहिनी, तुम्ही सभासद आहात. ह्या कॉटीत तुमचाही शेअर आहे," एवढंच म्हणालात.

भाई, त्या वहीबद्दल मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. फुकट दिली असतीत तर संकोचाने आईने ती कॉट लवकरच परत पाठवली असती. सही केली म्हणून गादीची मोटर बंद पडली तेव्हा तिने हक्काने फोन केला आणि त्याच दिवशी दुसरी मोटर मागितली. चेअरमनच्या घरी गेलेल्या व्हीलचेअरलाही तेच भाडं लागलं, हे तिने वहीत स्वतः वाचलंय.

हे सहज झालं नाही, हेही लोकांना कळायला हवं. चवथीला सभासदांना दुधाच्या भावापोटी वाटायच्या जादा रकमेतून, म्हणजे दरफरकातून, थोडी रक्कम आजारपणाच्या साहित्यासाठी बाजूला काढायचा ठराव तुम्ही मांडलात तेव्हा विरोध झाला. पेंडीचे भाव वाढलेले, प्रत्येकाला चार पैसे हवे होते. तो विरोध खोटा नव्हता. तुम्ही कुणाला गप्प केलं नाहीत, उदाहरणं दिलीत. चोर्ला घाटापलीकडे कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना आली. सुरुवातीला माणशी वर्षाला ६० रुपये भरायचे, वर सरकारची मदत, आणि त्यातून शस्त्रक्रिया होत. गुजरातेत 'सेवा' ह्या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या आरोग्यसेविकांनी १९९० मध्ये लोकस्वास्थ्य मंडळी ही स्वतःची सहकारी संस्था नोंदवली आणि स्वस्त औषधांची दुकानं चालवली. दादरला शुश्रूषा हे अख्खं इस्पितळच सहकारी. ते ऐकून कुणीतरी विचारलं, मग आपणही इस्पितळ बांधायचं काय? तुमचं उत्तर मला अजून पाठ आहे: "इस्पितळ आपल्याला झेपायचं नाही. इस्पितळातून घरी आल्यावरचं झेपेल." ठराव थोडक्या मतांनी झाला.

गावातल्या निवृत्त नर्सबाईंना तुम्ही ह्यात ओढलंत, त्याचेही आभार. चादरीच्या साहाय्याने माणूस कसा वळवायचा, टाचेखाली उशी कुठे द्यायची, जेवण भरवताना किती उठवून बसवायचं, हे त्यांनी आईच्या हातून करवून घेतलं. त्यांना फेरीमागे मानधन द्यायचा निर्णयही योग्य होता असं माझं ठाम मत आहे. बाईमाणसाने शेजारधर्म म्हणून फुकट राबावं अशी अपेक्षा आपल्याकडे फार सहज केली जाते, आणि मग तीच दमली की सेवा बंद पडते.

बाबांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. आता ते आधाराने उठतात, ओसरीवर बसतात. कॉट येत्या आठवड्यात परत करतो आहोत. नर्सबाईंनी आईला विचारलंय, पुढच्या घरी कॉट जाईल तेव्हा शिकवायला बरोबर येशील का, आणि आई हो म्हणाली आहे. मानधनाचं तिच्याशी तुम्हीच बोला, ती माझं ऐकणार नाही.

एक विनंती. डिपॉझिट आम्हाला परत नको. कफ ओढायचं सक्शन मशीन घ्यायचं तुमच्या मनात आहे, त्यात ते जमा करा आणि पावती आईच्या नावावर फाडा.

आपली,
तुमच्या एका सभासदाची मुलगी