हत्यार काढायला लागणारा वेळही मोजा

संपादक साहेब, नमस्कार,

नागपुरात धरमपेठ, प्रतापनगरकडची पोरं रविवारी जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, कल्पनेतल्या पात्रांची गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळून राहिली, पाहून खरंच छान वाटते, पण लढाई सुरू झाली की कोणाच्या हातात काय आहे याचा हिशोबच कोणी ठेवत नाही. एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, खेळातल्या फक्त 6 सेकंदांचा, तेवढ्यात भाऊ धनुष्य पाठीला लावतो, तलवार काढतो, ढाल चढवतो अन् वरून दोन वारही करतो, असं कसं चालेल? या खेळाच्या 2014 च्या नियमात साफ आहे, आपल्या टर्नमधे (पाळीत) एक वस्तू फुकटात हाताळता येते, म्हणजे तलवार म्यानातून काढली की ती सोय संपली, दुसरीसाठी अ‍ॅक्शन, म्हणजे त्या पाळीतलं मुख्य काम, जाते, अन् ढाल चढवायला किंवा उतरवायला तर अख्खी अ‍ॅक्शन लागते. 2024 च्या नव्या नियमात हे सैल केलं, अटॅक (हल्ल्याच्या) अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक वारासोबत एक हत्यार काढता किंवा ठेवता येते, मला ते पटते, पण ढालीला ती सूट नाही हे बरेच जण विसरतात.

धनुष्य खाली टाकायचं की सांभाळून ठेवायचं, खरी मजा तर इथंच आहे, कारण टाकलेलं धनुष्य एखादा गॉब्लिन (खेळातला छोटा राक्षस) उचलून पळू शकतो. जादूगारांचंही तेच, हातवारे लागणाऱ्या मंत्राला एक हात मोकळा पाहिजे. डंजन मास्टरनी (खेळ चालवणाऱ्यानं) हे पहिल्याच दिवशी सांगावं.

तुमच्या पुरवणीत अशा खेळांना थोडी जागा द्या ना, मराठीतून नियम समजावणारं फारसं काही मिळत नाही.

एक वाचक, नागपूर