कडी मी लावली नव्हती : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परसातल्या कोंबड्या मारणाऱ्या कोल्ह्या-मुंगसांना पकडून लांब सोडा, नाहीतर आम्हाला मारायची परवानगी द्या, असे अर्ज आपल्याकडे येतच असतील. तसाच एक मीही लिहायला घेतला होता. तो फाडून हे पत्र लिहितो आहे.

माझ्याकडे अकरा कोंबड्या होत्या. एका सकाळी खुराड्यात नऊ मरून पडलेल्या, एक गायब, आणि एक वरच्या दांडीवर, मानेवरची पिसं उपटलेली. दाणे टाकले तरी खाली उतरेना. मेलेल्यांपैकी एकीलाही तोंड लावलेलं नव्हतं. भूक मी समजू शकतो, पण ही नासधूस? डोकं फिरलं ते यामुळेच.

पुढे कळलं की हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ सालीच या वागण्यावर लिहून ठेवलंय. जमिनीवर घरटी करणारे कुरव पक्षी अंधाऱ्या, वादळी रात्री उडून जात नाहीत, तेव्हा कोल्हे असेच एकामागून एक मारत सुटतात. एरवी एक सापडला की बाकीचे पळतात आणि शिकार तिथेच थांबते. खुराड्यात पळायला जागाच नसते. फडफड चालू राहते, म्हणून मारणंही. जमलं तर कोल्हा उरलेल्या एकेक करून नेतो आणि पुरून ठेवतो. क्रौर्य म्हणावं असं त्यात काही नाही.

त्या दिवशी भेटेल त्याला मी सांगत होतो, ‘कोल्ह्याने दहा कोंबड्या मारल्या.’ वाक्याचा कर्ता कोल्हा. रात्री खुराड्याची कडी लावायला मी विसरलो होतो, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं.

कोंबडी मुळात रानकोंबड्याच्या वंशातली. तो रात्र झाडावर काढतो, मादी वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी देते. आपण निवड करत करत तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या जाती तयार केल्या, त्यांची अंगं जड केली. वर पंख छाटले आणि चार भिंतींत ठेवलं. अंधार पडला की तिला धड दिसतही नाही. तिची ही लाचारी माणसाने घडवलेली आहे, त्यामुळे तिला जपायचं देणंही माणसाचंच. ‘निसर्गनियम आहे, गेली तर गेली’ म्हणणारेही मला पटत नाहीत. अंडी घेताना निसर्गनियम कुणाला आठवत नाही!

पकडून लांब सोडणं दयाळूपणाचं वाटतं. पण तो प्राणी अनोळखी, दुसऱ्याच्या हद्दीत जातो, आणि पुष्कळदा मरतो किंवा परत येतो. मादी असेल तर मागे पिल्लं उपाशी. इकडे रिकाम्या जागी दुसरा येतोच, आणि दार तसंच उघडं. विषाचं तर बोलायलाच नको. ते घुबडाला, मांजराला, शेजारच्या कुत्र्यालाही सोडत नाही.

म्हणून मागणी अशी की सापळ्यांवरचा पैसा जाळीवर घाला. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, दातांना बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची भोकांची जाड वेल्डेड जाळी लागते. तिची कड बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर वळवून मातीने झाकली की उकरणारा भिंतीपाशी येऊन अडतो. शिवाय दाराला दोन कड्या. हे मला जमलं. पण ज्या बाईचा सगळा आधार आठ-दहा कोंबड्यांवर, तिला कोंबड्यांपेक्षा महाग जाळी घ्या असं सांगणं हा निव्वळ शहाणपणा झाला. तिला जाळी सरकारने द्यावी, आणि जाळी असूनही नुकसान झालं तर भरपाई विनातक्रार मिळावी.

सगळं करूनही एखादा प्राणी पुन्हा पुन्हा आत घुसला तर काय, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित तिथे त्याला हलवावं किंवा मारावंही लागेल. पण तो निर्णय नऊ मेलेल्या कोंबड्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाने घेऊ नये. मी तसा उभा होतो, म्हणून सांगतो. आपल्या खात्याच्या माणसाने येऊन बघावं. आणि ठसे तपासण्याआधी दार तपासावं.

आपला,
एक कोंबडीपालक