जरा पडले होते

ह्यूस्टन, ८ मार्च

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मायना जमलाय ना? शाळेत तुम्हीच घोकून घेतला होता. हे पत्र हातानं लिहून त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर प्रिंट काढून वाचा. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई मधेच "जेवलीस का?" विचारते आणि तुम्ही "तिकडे तापमान किती?" विचारता. मग मुद्दा राहूनच जातो.

मुद्दा असा की मी तुमच्याशी खोटं बोलले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रोज रात्री मी सांगत होते, ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी आलेय, इथं नेट बरं नाही, व्हिडिओ लागत नाही. नेट उत्तम होतं. व्हिडिओ लावला असता तर माझ्या पाठीमागे नारळ आणि समुद्र दिसला असता, एवढंच.

मी सुट्टीवर गेले होते. एकटी. आठ दिवस.

आई, आता तुझा पहिला प्रश्न मला इथं ऐकू येतोय: "आणि ते दोघं?" बापलेक मजेत होते. तिकीट तुमच्या जावयांनीच काढून दिलं होतं. जानेवारीत मी ऑफिसातून घरी यायचे आणि गाडी गॅरेजमध्ये लावून आतच बसून राहायचे. फोन नाही, गाणी नाही, नुसती स्टिअरिंगवर हात ठेवून. त्यांनी दोन-तीनदा पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि एका रविवारी चहाबरोबर तिकीट समोर ठेवलं. आजारबिजार काही नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्यात, सगळं ठीक आहे. दमले होते, बस.

गेले होते बेलीझला. बाबा, नकाशा काढालच म्हणून सांगते: मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या उजव्या अंगाला, कॅरिबियन समुद्राच्या काठावर. तुमच्या जुन्या अॅटलासमध्ये 'ब्रिटिश होंडुरास' असं सापडेल. १९८१ ला स्वतंत्र झाला. इथून विमानानं जेमतेम अडीच तास. तिथून लाँचनं पाऊण तासावर 'की कॉकर' नावाचं बेट आहे. 'की' म्हणजेच छोटं बेट. लांबी आठेक किलोमीटर, रुंदी दीड किलोमीटरसुद्धा धड नाही. गावात मुख्य रस्ते तीन: पुढचा, मधला आणि मागचा. लोक खरंच तसंच म्हणतात, फ्रंट स्ट्रीट, मिडल स्ट्रीट, बॅक स्ट्रीट. आपल्या पेठांपेक्षा पत्ता सांगायला सोपं. रस्ते वाळूचे, मोटारी नाहीत, सायकली आणि विजेवर चालणाऱ्या गोल्फ कार्ट. आणि जागोजागी पाट्या: 'गो स्लो'. पुण्यात अशी पाटी लावली असती तर खाली आणखी चार सूचना आल्या असत्या.

बाबा, मी तुमचीच मुलगी. जाताना एक्सेलमध्ये तक्ता करून नेला होता. सकाळी सहा ते आठ अमुक, आठ ते दहा तमुक. अष्टविनायक दोन दिवसांत उरकून आपण घरी आलो आणि तुम्ही वहीत "सर्व दर्शने वेळेत" असं लिहिलंत, त्याच घराण्यातला तक्ता. पहिल्याच दिवशी तो कोलमडला. वारा सुटला म्हणून होडीवाल्यानं फेरी रद्द केली. उद्या जाऊ, म्हणाला. उद्या किती वाजता, असं विचारलं तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी त्याचं वय विचारलं.

मग मला काय करावं कळेना. खोलीसमोर लाकडी पडवी होती, तिथं वाळू साचली होती. कोपऱ्यात झाडू दिसला. मी पडवी झाडली. मग पायऱ्या झाडल्या. मग कपडे धुऊन दोरीवर वाळत घातले, शेजारच्या खोलीचे दोन टॉवेल खाली पडले होते, तेही झटकून घातले. घरमालकीण, साठीच्या पुढची बाई, खाली उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, तू इथं नोकरी मागायला आलीयेस का? मी हसले, पण आत कुठेतरी लागलं ते.

आई, तुझ्यासाठी जेवणाचं लिहिते. तिथं दोन पदार्थ असतात: 'राइस अँड बीन्स' आणि 'बीन्स अँड राइस'. मला वाटलं पाटी लिहिणाऱ्याची चूक. तर नाही, दोन्ही वेगळे! पहिल्यात राजमा आणि तांदूळ नारळाच्या दुधात एकत्र शिजवतात. दुसऱ्यात भात वेगळा आणि राजम्याची दाटसर आमटी वेगळी. पहिला घास घेतला आणि मला मालवणचं तुझ्या आईचं स्वयंपाकघर आठवलं. नारळाचं दूध आटताना तेल सुटायला लागतं ना, तो वास. सोबत कोंबडीचा रस्सा असतो, लालभडक, पण तिखट नाही. तो रंग शेंद्रीच्या बियांचा. तिखट हवं तर टेबलावर बाटली असते, हाबानेरो मिरची आणि गाजराचा सॉस. गाजराला भुलून पहिल्या दिवशी चमचाभर ओतला आणि अर्धा तास डोळ्यांतून पाणी. सकाळी 'फ्राय जॅक' मिळतात, मैद्याचे तळलेले फुगीर तुकडे, भटुऱ्यांचे चुलतभाऊ. शेवंडही खाल्ली, निखाऱ्यावर भाजलेली. तिथं वर्षातले चार महिने शेवंड पकडायला बंदी असते, आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीसारखी. मी बंदीच्या आधी पोचले.

समुद्र मात्र तुझ्या मालवणासारखा नाही. किनाऱ्यावर लाटच नाही. दीड-दोन किलोमीटरवर प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिथंच फुटतात. पडवीतून ती पांढरी रेघ दिसते आणि रात्री सगळं शांत झालं की तिचा आवाज येतो, दूर कुणीतरी जातं ओढत असावं तसा. ही भिंत बेलीझच्या सगळ्या किनाऱ्याला समांतर जाते. १९९६ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. मधली बरीच वर्षं 'धोक्यातला वारसा' असा शिक्का होता, मग सरकारनं समुद्रात तेल काढायला बंदी घातली आणि २०१८ ला तो शिक्का उतरला. वारा पडल्यावर त्या होडीवाल्यानं नेलं एकदाचं. पाण्यात तोंड घालून बघितलं तर खाली नर्स शार्क. माझ्याहून लांब, गाईसारख्या शांत. मी शांत नव्हते.

सगळंच गोड होतं असं नाही. एक दिवस सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगानं किनाऱ्याला लागलं, त्याला सडक्या अंड्यांचा वास. संध्याकाळी बारीक वाळूमाश्या चावतात, पायांवर अजून पुरळ आहे. भाजी, अंडी, सगळं होडीनं येतं, त्यामुळे महाग. आणि रात्री एक-दोन गोल्फ कार्टवाले आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीला लाजवतील असा आवाज करत जातात.

बाबा, आता हे खास तुमच्यासाठी. गावाच्या उत्तरेला एक खाडी आहे, तिला 'स्प्लिट' म्हणतात. तिनं बेटाचे दोन तुकडे केलेत. तिथं धक्क्यावर एक आजोबा रोज गळ टाकून बसायचे, तुमच्याच वयाचे. ते बोलताना सारखं "हॅटीच्या आधी" आणि "हॅटीच्या नंतर" म्हणायचे. लग्न हॅटीच्या नंतर, वडलांची होडी हॅटीच्या आधी. हॅटी म्हणजे कोण, असं मी विचारलं. माणूस नव्हे, चक्रीवादळ. ३१ ऑक्टोबर १९६१.

१९६१, बाबा! मी मोठ्यानं म्हणाले, "आमच्या पानशेतच्या साली!" त्यांना अर्थात काही कळलं नाही. मग मी सांगितलं. १२ जुलैला धरण फुटलं, नारायण पेठेतल्या वाड्याचा खालचा जिना बुडाला, आठ वर्षांच्या माझ्या वडलांना आजोबांनी खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावरूनही ते दप्तर दप्तर करून रडत होते. तुमची गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की इंग्रजीतसुद्धा तुमच्याच क्रमानं आली. आजोबांनी गळ बाजूला ठेवून ऐकलं. मग त्यांनी त्यांची सांगितली. हॅटीत देशभरात पावणेतीनशेच्या आसपास माणसं गेली. बेलीझ सिटी एवढी बुडाली की पुढे राजधानीच समुद्रापासून आत, बेल्मोपानला हलवली. आणि या बेटाला वादळानं चिरलं. फट तशी लहान होती, मग गावातल्या माणसांनी होड्या जाव्यात म्हणून ती हातांनी खणून रुंद केली, आणि पुढचं काम भरती-ओहोटीनं केलं. आज तिथं पोरं सूर मारतात आणि गोरे लोक बिअर पीत बसतात. मुठेच्या पुराच्या खुणेला टेकून कुणी भेळ खावी, तसं वाटलं क्षणभर. दप्तराचं पुढे काय झालं, असं त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. बाबा, सापडलं होतं का हो?

आणखी एक तुमच्या आवडीचं. माझ्या घरमालकिणीची आजी 'ईस्ट इंडियन' होती, म्हणजे मूळची आपल्याकडची. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी काही शिपायांना कुटुंबांसकट इकडे आणून टाकलं होतं, असं सांगतात. त्यांचे वंशज अजून आहेत, भाषा मात्र गेली. तिनं माझा हात हातात घेऊन रंग ताडून पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

ब्लू होल बघितलं नाही. माहीत आहे, एवढ्या लांब जाऊन ते तीनशे मीटर रुंद निळं विवर न बघता परत येणं म्हणजे तुमच्या हिशेबात गुन्हा. विमानातून दाखवतात, पैसेही भरून झाले होते. ज्या सकाळी जायचं होतं त्या सकाळी मी पडवीतल्या झोपाळ्यात होते, दोरीच्या जाळीच्या. उठावंसं वाटलं नाही. कारण एवढंच. पैसे परत मिळाले नाहीत.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते आता येतंय. पाचव्या दिवशी दुपारी जेवून मी त्या झोपाळ्यात गाढ झोपले होते. घरमालकीण कापलेला अननस घेऊन वर आली, लाकडी पायरी वाजली, आणि मी ताडकन उठले. तोंड पुसलं, केस सारखे केले आणि तिनं काही विचारायच्या आत म्हणाले, "मी झोपले नव्हते."

ती बघतच राहिली. माझ्या गालावर आणि दंडावर झोपाळ्याच्या दोरीचे चौकोन उमटले होते.

आई, तुझी चटई आठवली. दुपारी दोन-सव्वादोनला ओटा आवरून तू पुढच्या खोलीत आडवी व्हायचीस, चटईवर, उशी न घेता. उशी घेतली की ती झोप झाली असती. बेल वाजली की पदरानं तोंड पुसत दार उघडायचीस आणि शेजारच्या काकू असोत की गॅसवाला, आधी हेच सांगायचीस: "झोपले नव्हते हो, जरा पडले होते." गालावर चटईच्या काड्यांचे वळ स्पष्ट दिसायचे. मी आणि धाकटा मागे उभे राहून हसायचो. पहाटे पाचला उठलेली बाई तू, आणि वीस मिनिटांसाठी गॅसवाल्याला खुलासा द्यायचीस! आम्हाला ते तेव्हा विनोदी वाटायचं.

आणि बघ, मी तर तुझ्यापुढे गेले. तू गॅसवाल्याशी खोटं बोलायचीस, मी थेट तुझ्याशी. आठ दिवस, रोज रात्री साडेआठला, तुमच्या सकाळच्या आठच्या चहाला. आणि तू तिकडून विचारत होतीस, "फार काम पडतंय का गं? आवाज दमलेला वाटतोय." दमलेला नव्हता, आई. झोपेतून उठलेला होता.

अननस आम्ही दोघींनी पायरीवर बसून खाल्ला. मी तिला तुझ्या चटईचं सांगितलं. ती इतकी हसली की खालचा कुत्रा भुंकायला लागला.

तुम्ही नोव्हेंबरात इकडे येताय ना, त्यातले आठ दिवस मी बाजूला ठेवलेत. बेट सपाट आहे, आईच्या गुडघ्यांना एकही चढ नाही, आणि तळमजल्याची खोली आहे, विचारून ठेवलंय. बाबा, गळ टाकणाऱ्या आजोबांशी तुमची गाठ घालून द्यायची आहे. तक्ता करू नका. केलात तरी मला दाखवू नका.

धाकट्याला हे पत्र वाचून दाखवलं तरी चालेल. त्याला चटई आठवत असेल.

तुमची,
थोरली

ता. क. सोबत एक फोटो जोडलाय. घरमालकिणीनं मला न विचारता काढलेला, त्याच झोपाळ्यात, दुसऱ्या दिवशी. तोंड उघडं आहे. आई, शेजारच्या काकूंना दाखवू नकोस. किंवा दाखव.