बोक्याची शुगर आणि दोन रंगांच्या टोप्या

मा. संपादक,
स. न.

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला आपण काढलेली पुरवणी वाचली. भाकरी खावी की पोळी, किती चालावं, पायांची काळजी कशी घ्यावी, माणसांचं सगळं तिच्यात आलं. आमच्या घरात मधुमेहाचे दोन पेशंट आहेत. एक आमचे हे आणि दुसरा भुऱ्या बोका. ह्यांचं एक बरं आहे, गरगरलं की सांगतात. बोका सांगत नाही, म्हणून हे पत्र.

शेजारच्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, "मांजरले बी शुगर व्हस का वं माय?" व्हस. वयस्कर, वजनदार, नसबंदी झालेल्या बोक्यांना जास्त. माणसांना उतारवयात होतो त्याच जातीचा बहुतेक असतो. आम्हाला संशय आला तो मुंग्यांमुळे. मोरीच्या कोपऱ्यात तो लघवी करायचा आणि तिथे मुंग्यांची रांग लागायची. बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा, दुप्पट खायचा, तरी सहा किलोचा बोका काट्यावर पाचच्या खाली उतरला. (आमचा उडदाच्या पापडांचा घरगुती धंदा आहे. तो जुना काटा आता बोक्याचा झालाय, पिठाला नवा घेतला, गिऱ्हाइकांनी घाबरू नये.) पुढे तर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की नसांवर परिणाम होऊन मांजरं अशी चालतात.

आता मुद्द्याचं. मांजर घाबरलं की त्याची साखर वाढते, आणि थोडीथोडकी नाही. निरोगी मांजराचीही दवाखान्याच्या टेबलावर २५०-३०० च्या पुढे जाऊ शकते. आमचा बोका पिशवीत घालून, एस.टी.त बसवून, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेतून टेबलावर पोचला तेव्हा मशीनवर ४२० आले. तेवढ्यावरून तिथे सांगितलं, इन्सुलिन एका युनिटवरून थेट तीन करा. संध्याकाळी घरी, त्याच्या आवडत्या गोणपाटावर, तोच आकडा २३० होता. डोस तिप्पट केला असता तर रात्रीतून काय झालं असतं, ह्याचा विचार नको वाटतो. मी दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी करायला लावली. तीत मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवसाची धास्ती तिच्यात धरली जात नाही. आणि म्हणाले, आता घरीच मोजा.

घरी मोजणं जमत नाही असं लोक म्हणतात. जमतं. कानाच्या कडेला बारीक शीर असते, मोबाइलच्या टॉर्चपुढे कान धरला की दिसते. तव्याजवळ शेकलेला सुती रुमाल कानाला थोडा वेळ धरायचा, मग व्हॅसलीनचं बोट फिरवायचं म्हणजे रक्ताचा थेंब केसांत पसरत नाही. कानामागे कापूस ठेवून टोचायचं. झालं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आमचा तर आता मशीनचा आवाज ऐकून स्वतःच येऊन बसतो, चिकनसाठी हो, माझ्या प्रेमासाठी नाही. एक ध्यानात ठेवायचं, माणसांचं मशीन मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. म्हणून मशीन बदलत बसायचं नाही, एकच ठेवायचं आणि डॉक्टरांना ते कोणतं ते सांगायचं.

सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी मोजून वहीत लिहिते. सकाळी सातला सुईआधी ३१०, नऊला २४०, अकराला १६०, एकला १०५, मग पुन्हा चढत चढत संध्याकाळी सातला २९०. दोन सुयांच्या मधे साखर किती खाली जाते, ते बघून डॉक्टर डोस ठरवतात. सुईआधीच्या एकट्या आकड्यावरून ते कळत नाही. आणि तोच डोस, तेच खाणं असताना दुसऱ्या आठवड्यात दुपारी एकला १९० पण येतात. सुरुवातीला मी रडकुंडीला यायचे. डॉक्टरांनी बजावलं, एका वाईट आकड्यावर डोस हलवायचा नाही, निदान पाच-सात दिवस एका डोसवर राहू द्यायचं, आणि वाढवायचा तोही अर्ध्या युनिटाने.

तरी साखर उगाच उड्या मारत नसते, बहुतेक वेळा कारण सापडतं. आमच्याकडे एकदा आकडे आठवडाभर वर राहिले ते दाढ किडल्यामुळे, दाढ काढली आणि उतरले. खाजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तरी वाढतात, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर मधुमेह आहे हे आधी सांगा. कधी सुई कातडीखाली न जाता केसांतच रिकामी होते. अशा वेळी गेली की नाही ही शंका असली तरी दुसऱ्यांदा टोचायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. आणि सगळ्यात मोठं कारण शेजारपाजार. दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट. मांजर मुळात मांस खाणारा प्राणी, पिठूळ खाणं त्याला झेपत नाही. विकत मिळणाऱ्या कोरड्या दाण्यांतही पिठाचा भाग बराच असतो. आम्ही डॉक्टरांना विचारून ते बंद केले, पण खाणं बदललं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते, म्हणून मोजल्याशिवाय बदलू नये.

साखर फार उतरली तर काय? बोका लटपटतो, झोकांड्या खातो, शून्यात बघतो, झटकेही येतात. साखर ६० च्या खाली असेल किंवा अशी लक्षणं दिसली तर हिरड्यांना मध चोळायचा आणि डॉक्टरांना फोन. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही. जेवला नाही, उलटी झाली, तर नेहमीचा डोस डोळे मिटून देऊ नये, आधी विचारावं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. ह्यांचं इन्सुलिन ४० ताकदीचं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. बोक्याला ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन, ते १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं तर एका रेघेवर अडीच युनिट येतात. ह्यांच्यासारख्या माणसाला ते महागात पडेल, चार-पाच किलोच्या बोक्याचा जीवही जाऊ शकतो. आणि मेडिकलवर "इन्सुलिनची सुई द्या" म्हटलं की बाटली कोणती हे न विचारता लाल टोपीचं पाकीट हातात येतं. मी स्वतः काउंटरवरून परत केलंय, आणि "सगळ्या सारख्याच, मावशी" हेही ऐकलंय. आमच्या फ्रीजमध्ये दोन डबे वेगळे आहेत. ह्यांची बाटली गढूळ, ती तळहातांत घोळवून घ्यायची. बोक्याची पाण्यासारखी स्वच्छ, ती गढूळली तर फेकायची.

फ्रीजवरून आठवलं, आपल्याकडचा मे महिना. पारा ४५ ला टेकतो आणि त्यातच लाईट जाते. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण बर्फाला लावायचं नाही, गोठलं की वाया. लाईट फार वेळ गेली तर मी बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवते. फ्रीजइतकं गार होत नाही, पण उन्हात भाजत तरी नाही.

बोका सध्या अर्ध्या युनिटावर आहे. वेळेत उपचार आणि योग्य खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, असं डॉक्टर म्हणतात. सुटलं तरी मोजणं सुटणार नाही, कारण पुन्हा उलटू शकतं.

आपल्या भागातले पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी, बैल, शेळ्यांसाठी आहेत, आणि ते बरोबरच आहे. तिथल्या डॉक्टरांना मांजर रोज कुठून दिसणार? पण एक ग्लुकोमीटर तिथे असावा आणि मालकाला कानातून रक्त घ्यायला एकदा शिकवावं, एवढं व्हायला हरकत नाही. मेडिकलवाल्यांनी सिरिंज देताना बाटली चाळीसची की शंभरची हे विचारावं. आणि आपण पुढच्या पुरवणीत लाल आणि नारिंगी टोपीचा फोटो रंगीत पानावर छापावा, काळ्या-पांढऱ्यात छापला तर दोन्ही सारख्याच दिसतील.

आपली नियमित वाचक,
अमळनेर, जि. जळगाव