मुरुमांची गोळी आणि पाळी चुकण्याचा हिशेब

संपादक महोदय,

मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी मैत्रिणीने मैत्रिणीला देण्याची वस्तू नव्हे. गरोदरपणात ती पोटात गेली तर बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतात. ती 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली; बहुधा 'जीवनसत्त्व' या शब्दामुळेच तिचा धाक वाटत नाही.

ही गोळी म्हणजे रेटिनॉइक आम्लाचाच एक प्रकार, आणि हे आम्ल गर्भात मुळातच असते. एका जागी एक विकर (एन्झाइम) ते तयार करते, शेजारी दुसरे ते मोडते. कुठे जास्त, कुठे कमी यावरून पेशींना आपली जागा कळते. बाहेरून गोळीचा लोंढा आला की हा फरकच पुसला जातो. मोठा फटका बसतो तो भावी मेंदूच्या कडेवरून निघून चेहऱ्याकडे आणि हृदयाकडे सरकणाऱ्या पेशींना. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे दोष एकाच बाळात दिसतात: कानाची पाळी नावापुरती किंवा नाहीच, लहान जबडा, दुभंगलेली टाळू, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची चुकलेली रचना, डोक्यात पाणी.

सर्वात नाजूक काळ गर्भधारणेनंतरचा तिसरा ते पाचवा आठवडा. पाळी चुकते दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस. 'होईल पुढे-मागे' म्हणत आठ दिवस थांबले, तर चाचणी होईपर्यंत तिसरा आठवडा संपलेला असतो. त्यामुळे 'दिवस राहिले की बंद करू' हे चालत नाही. गोळीच्या एक महिना आधीपासून शेवटच्या गोळीनंतर एक महिन्यापर्यंत खात्रीचे गर्भनिरोधन हवे, शिवाय सुरुवातीला आणि दरमहा चाचणी. त्या काळात रक्तदानही नको. ती पिशवी एखाद्या गर्भवतीला लागू शकते.

सोरायसिसवरच्या, याच कुळातल्या ॲसिट्रेटिनला मात्र हा महिन्याचा नियम लावू नये. पोटात मद्य गेले की ॲसिट्रेटिनचे एट्रेटिनेट हे याच कुळातले दुसरे रसायन बनते, ते चरबीत मुरते आणि निम्मे व्हायलाच सरासरी १२० दिवस घेते. तिथे थांबायचे तीन वर्षे.

साध्या पूरक गोळ्यांत रेटिनॉल, म्हणजे तयार 'अ' जीवनसत्त्व, किती, हे लेबलवर पाहावे. गरोदरपणात दिवसाची कमाल मर्यादा १०,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅम. मल्टिव्हिटॅमिन आणि कॉड लिव्हर ऑइल सोबत घेतले तर बेरीज करावी. प्राण्यांच्या यकृताचा १०० ग्रॅमचा एक वाढाही मर्यादा ओलांडू शकतो. गाजरातल्या बीटा कॅरोटीनची भीती नको. शरीर त्यातून गरजेपुरतेच 'अ' बनवते.

गरोदरपणात चुकून मुरुमांची गोळी घेतली गेलीच, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना गाठावे. प्रत्येक बाळात दोष येतोच असे नाही. पण सोनोग्राफी कोरी आली म्हणजे सुटलो, असेही नाही. बुद्धीवरचा परिणाम तिच्यात दिसत नाही.

– एक त्वचारोगतज्ज्ञ