क्लच प्लेट गेली, पण कशानं गेली ते बघा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या उसाच्या सीझनमधे बीडहून अंबाजोगाईला परत येत होतो, मांजरसुंब्याचा घाट, पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ओव्हरटेक करता येईना म्हणून सगळा चढ हाफ क्लचवर (पेडल अर्धं दाबून) काढला, आणि वर आलो तर रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायलंय, गाडी काही पुढं ओढंना, वरून जळका वास. गॅरेजवाला म्हणला मामा, क्लच प्लेट गेली (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडं नेती ती). बदलली. चार महिन्यांनी पुन्हा तेच!

दुसऱ्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला तर आतली प्लेट तेलानं माखलेली. इंजिनाच्या मागचं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रिंग) गळत होतं आणि पहिल्यानं नवी प्लेट त्याच गळतीखाली बसवून दिली होती. प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरती ती) पण जुनीच, तिची स्प्रिंग दमलेली. आता सांगा, या कामात मजुरीच जास्त असते, गिअरबॉक्स उतरवायची, मग एकदा उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्लेट मोकळी करतं ते) तिन्ही एकदमच टाकायला, सील बघायला, फ्लायव्हीलवर (इंजिनाचं जड चाक, प्लेट ज्याला धरती) निळे डाग का चिरा आहेत का ते बघायला काय जातंय? मजुरी दोनदा गेली ती माझी.

उलटं पण होतं बरं का. शेजाऱ्याच्या गाडीचा क्लच घसरायला लागला तर त्याला या तिन्ही पार्टचं किटच सांगितलं होतं आणि निघाली नुसती केबल जास्त ताणलेली, पेडलला फ्री प्लेच (सुरुवातीची थोडी मोकळी चाल) नव्हता, अॅडजस्ट केली, झालं. म्हणून आधी मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आन क्लच हळूहळू सोडा, इंजिन बंद पडलं तर प्लेट धरतीय, बंद न पडता चालूच राहिलं तर घसरतीय (हे एकदाच करा, उगं सारखं करू नका, असलेली प्लेट पण जळंल). पेडल दाबल्यावरच खर्रर्र आवाज येत असंल तर प्लेट नाही, बहुतेक बेअरिंग असतं.

गॅरेजवाल्यांना एवढंच म्हणणं आहे की बिलावर पार्ट वेगवेगळे लिहा आणि काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्या. माझी ती तेलकट प्लेट अजून डिकीतच आहे, कुणाला बघायची असंल तर दाखवतो.

आपला एक वाचक, अंबाजोगाई