कुल्लूचा दसरा चुकवू नकोस

रत्नागिरी,
आश्विन वद्य अष्टमी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मी हिमाचलातल्या कुल्लूला निघण्याच्या गडबडीत असताना मिळाले. तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरे ऐकीव माहितीवर देण्यापेक्षा स्वतः चालून आणि पाहून द्यावीत, म्हणून उत्तर मुद्दाम मागे ठेवले होते. तू लिहितोस की, पुढच्या वर्षी तुला कुल्लू आणि लाहौल यांच्यामधली हंपता खिंड ओलांडायची आहे आणि दसऱ्याच्या उत्सवाची गर्दी सुरू होण्याआधी खाली उतरून परतीची गाडी धरायची आहे. यातल्या पहिल्या बेताला माझा मनापासून पाठिंबा आहे. दुसरा मात्र तू बदलावास अशी माझी आग्रहाची विनंती आहे, आणि त्यासाठीच आज एवढे सविस्तर लिहायला बसलो आहे.

आधी वाटेविषयी लिहितो. खिंडीची उंची सुमारे ४,२७० मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) अडीचपटीहून अधिक. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकल्यामुळे आपले पाय तयार असतात, परंतु विरळ हवेची सवय पायांच्या जोरावर होत नाही. मनालीच सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे आणि पुढच्या पहिल्या मुक्कामावर पुरेशी विश्रांती घेतल्याशिवाय वर जाण्याची घाई करू नकोस. डोके दुखून मळमळू लागले तर आणखी वर न चढणे आणि बरे न वाटल्यास निमूटपणे खाली उतरणे, हा एकच नियम तिथे पाळायचा असतो. तुझ्यासारख्या जिद्दी माणसाला तो आधीच सांगून ठेवलेला बरा.

मनालीजवळच्या प्रीणी गावावरून गाडी जोबऱ्यापर्यंत जाते आणि तिथून देवदारांच्या सावलीत चालणे सुरू होते. पहिला मुक्काम चिका येथे ओढ्याकाठच्या कुरणात पडतो आणि दुसरा बालू का घेरा येथे, जिथे वरून येणारे पाणी वाळूच्या पटांगणात अनेक धारांनी पसरते. झाडे तोवर मागे राहिलेली असतात. त्यापुढचा खिंडीपर्यंतचा चढ दगडांचा आणि दमवणारा आहे, पण खरी कसोटी पलीकडच्या उतरणीवर, शिया गोरू या पुढच्या मुक्कामाकडे जाताना लागते, कारण तिथे घसरड्या मुरुमावर गुडघ्यांना क्षणाचीही उसंत मिळत नाही. तुझ्या उजव्या गुडघ्याविषयी तू लिहिलेच आहेस, तेव्हा दोन्ही हातांत काठ्या असू देत.

खिंडीच्या माथ्यावर मात्र थोडा वेळ थांब आणि दोन्ही बाजूंकडे नीट पाहा. मागे कुल्लूचे हिरवे खोरे असते आणि पुढे लाहौलचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर. पीरपंजालची रांग पावसाळी ढगांना अडवते, त्यामुळे एका बाजूला जंगल पोसले जाते आणि दुसऱ्या बाजूला गवतही जेमतेम उगवते. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातला फरक आपण शाळेत नकाशावर शिकलो होतो. इथे तोच प्रकार एका माथ्यावर उभे राहून डोळ्यांनी पाहता येतो. जवळच इंद्रासन (६,२२१ मीटर) आणि देव टिब्बा (६,००१ मीटर) ही शिखरे आहेत. त्यांपैकी देव टिब्ब्याचे नाव लक्षात ठेव, त्याच्याविषयी पुढे लिहायचे आहे.

उतरणीवर आम्हाला गद्दी मेंढपाळांचा एक कळप भेटला. उन्हाळ्यात हे लोक अशाच खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांत मेंढ्या घेऊन जातात आणि थंडी पडू लागली की खालच्या डोंगरउतारांकडे परततात. कळप जाईपर्यंत आम्ही एका दगडाच्या आडोशाला उभे राहिलो. ज्या वाटेला आपण साहसाची वाट म्हणतो, ती या माणसांची दरवर्षीची कामाची वाट आहे, हे तिथे फार स्पष्टपणे जाणवले. छतरूला चंद्रा नदीच्या काठी चालणे संपते. तिथून गाडीने चंद्रतालला जाऊन येता येते. सुमारे ४,३०० मीटर उंचीवरचे हे सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे आणि त्याच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे, हे फार चांगले झाले. मनालीकडे परतताना नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तो खुला झाल्यापासून लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी पुष्कळ कमी झाली आहे, आणि त्याचबरोबर सिस्सूसारख्या शांत गावापर्यंत पर्यटकांच्या मोटारींच्या रांगाही पोहोचल्या आहेत.

आता दसऱ्याविषयी. देशभर विजयादशमीला उत्सव संपतो आणि कुल्लूत तो त्या दिवशी सुरू होऊन सात दिवस चालतो. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाच्या हातून एका ब्राह्मण कुटुंबाचा अंत घडला आणि त्या पापाने तो पोळून निघाला, अशी कथा आहे. त्यातून सुटण्यासाठी त्याने अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणवली, आपले राज्य तिला अर्पण केले आणि स्वतः तिचा छडीबरदार, म्हणजे देवापुढे छडी घेऊन चालणारा सेवक झाला. राजवट गेली तरी त्या घराण्याचा वंशज आजही ती सेवा करतो. कुल्लू शहरातल्या सुलतानपूरच्या मंदिरातून रघुनाथजी ढालपूरच्या मैदानात येतात, लाकडी रथात बसतात आणि शेकडो माणसे दोर धरून तो रथ ओढतात. रावणाचा पुतळा इथे जाळत नाहीत. शेवटच्या दिवशी रथ बियास नदीकडे नेतात आणि काठावर गवत व काट्याकुट्यांचा ढीग पेटवून लंकादहन करतात.

परंतु या उत्सवाचे प्राण त्या एका रथात नाहीत, ते खोऱ्यातल्या गावोगावच्या देवतांत आहेत. दोनशेहून अधिक देवता आपापल्या गावांतून रघुनाथाच्या भेटीला येतात. प्रत्येकीचा स्वतःचा रथ असतो. या देवतांचा रथ म्हणजे चाकांची गाडी नव्हे, तर दोन लांब दांड्यांवर बसवलेली, रेशमी वस्त्रांनी आणि फुलांनी मढवलेली पालखी. तिच्यावर देवतेचे सोन्याचांदीचे किंवा अष्टधातूचे मुखवटे असतात, त्यांना मोहरे म्हणतात. पुढे ढोल, नगारे, करनाल आणि रणसिंगे वाजवणारे बजंतरी, सोबत व्यवस्था पाहणारा कारदार, देवाच्या वतीने बोलणारा गूर, आणि हारियान म्हणजे त्या देवाची सारी प्रजा. रथ खांद्यावर डोलू लागला की देव आपल्या इच्छेने हलतो आहे, अशी सर्वांची श्रद्धा असते. शिमग्यात आपल्या गावची पालखी होळीच्या मांडावर नाचताना आपण लहानपणी जे अनुभवले आहे, ते मनात आण आणि अशा शेकडो पालख्या एकाच मैदानात एकमेकींना भेटत आहेत अशी कल्पना कर. मला तरी त्या गर्दीत एकदाही परके वाटले नाही.

मनालीच्या ढुंगरी वनातून हिडिंबा येईपर्यंत उत्सव सुरू होत नाही. महाभारतातली ही राक्षसकन्या कुल्लूच्या राजघराण्याची आजी मानली जाते. १५५३ साली बांधलेले तिचे लाकडी मंदिर तू छायाचित्रांत पाहिले असशीलच. रघुनाथाच्या रथापुढची गर्दी बाजूला सारण्याचे काम धूमल नाग या देवतेकडे आहे. त्याचा रथ लोकांच्या अंगावर झेपावतो आणि वाट मोकळी होते. पोलीस बाजूला उभे असतात, पण लोक आधी नागाचे ऐकतात. रथाच्या उजव्या बाजूला चालण्याचा मान कोणाचा, यावरून शृंगा ऋषी आणि बालू नाग या देवतांच्या अनुयायांत जुना वाद आहे. मानापमान देवांनाही चुकलेले नाहीत, हे पाहून मला त्या देवांविषयी अधिक जवळीक वाटली.

आता माझ्या आग्रहाचे मुख्य कारण सांगतो. आनी आणि निरमंड या भागांतल्या देवता जलोडी खिंड ओलांडून, कित्येक दिवस पायी चालत ढालपूरला येतात. जलोडीची उंची ३,१०० मीटरांहून अधिक आहे. आज त्या खिंडीतून मोटाररस्ता जातो, तरी देवाला खांद्यावरूनच न्यायचे हा नेम लोकांनी सोडलेला नाही. मी यापूर्वी हा दसरा दूरदर्शनवर पाहिला होता आणि त्यात मला रंग आणि वाद्ये एवढेच दिसले होते. या वेळी स्वतः एक खिंड ओलांडून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी मैदानात पोहोचलो, तेव्हा माझी नजर आधी पालखी वाहणाऱ्यांच्या पायांकडे गेली. आम्ही पाठीवर झोपण्याची पिशवी आणि चार कपडे घेऊन धापा टाकत होतो. हे लोक धातूच्या मुखवट्यांनी जड झालेला देव उन्हापावसात घेऊन येतात, गावोगाव मुक्काम करतात आणि उत्सव संपला की त्याच वाटेने परत जातात. तंबूत भेटलेल्या एका वृद्ध कारदारांना मी विचारले की, देवाला गाडीने का आणत नाही. ते म्हणाले, “वाटेतल्या गावांना मग देव कधी भेटणार?” अविनाश, चालणे आधी झाले नसते तर या उत्तराचे वजन मला कळले नसते, आणि उत्सव पाहिला नसता तर माझे चालणे केवळ माझ्यापुरते राहिले असते. म्हणूनच म्हणतो, खिंड आधी आणि दसरा नंतर, पण दोन्ही एकाच प्रवासात कर.

डोंगर आणि देव या दोन गोष्टी तिथल्या लोकांनी कधीच वेगळ्या मानलेल्या नाहीत, याची साक्ष कुल्लूच्या जुन्या राजधानीत, नग्गरला मिळते. तिथल्या जुन्या राजवाड्यात जगती पट नावाची एक शिळा आहे. देवांनी मधमाश्यांचे रूप घेऊन ती देव टिब्ब्यावरून आणली, असे सांगतात. खोऱ्यावर संकट आले की तिथे देवतांची सभा भरते, तिला जगती म्हणतात. मनालीच्या वरच्या डोंगरांत परदेशी भांडवलावर एक मोठे स्की-नगर उभारण्याची योजना आली, तेव्हा २००६ मध्ये अशी जगती भरली आणि देवतांनी आपापल्या गूरांच्या मुखातून विरोध सांगितला. लोकांचा आणि पर्यावरणवाद्यांचा विरोधही होताच, आणि ते नगर उभे राहिले नाही. कुल्लूजवळच्या बिजली महादेवाच्या डोंगरावर नेण्याच्या रोपवेलाही स्थानिकांनी असाच देवाच्या नावाने विरोध केला आहे. यात श्रद्धा किती आणि व्यवहार किती, हा प्रश्न तू विचारशील हे मला ठाऊक आहे. माझे मत असे आहे की, डोंगर कोणाचा आणि त्यावर काय उभारावे, हे ठरवण्याचा स्वतःचा मार्ग ज्या समाजाने टिकवून ठेवला आहे, त्याच्याकडे पाहुण्याने आदराने पाहावे. आपल्या घाटमाथ्यावरच्या देवरायाही अशाच श्रद्धेने टिकल्या, आणि जिथे ती श्रद्धा सुटली तिथे कुऱ्हाड पोहोचली.

उरलेल्या चौकशा थोडक्यात निकालात काढतो. मनालीजवळच्या सोलंगला पॅराग्लायडरने आकाशात झेप घेण्याची आणि बियासच्या पात्रात रबरी होडीतून जाण्याची सोय आहे. तुझ्या मुलांना ते आवडेल, पण नोंदणीकृत चालकच निवडावा आणि पाऊस झालेला असेल तर नदीत उतरू नये. कन्येला गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घ्यायचे आहे असे तू लिहिले आहेस. मनालीची गिर्यारोहण संस्था १९६१ पासून चालते आणि तिचा प्राथमिक अभ्यासक्रम जवळपास चार आठवड्यांचा असतो. मुलीने तो अवश्य करावा. खाण्यात तूप घातलेला गरम सिड्डू, म्हणजे कणकेचा वाफवलेला पाव, चुकवू नकोस. संध्याकाळी ढालपूरच्या कलाकेंद्रात मोठे कार्यक्रम होतात, मात्र त्यातला ध्वनिवर्धकांचा कल्लोळ मला सोसला नाही. त्यापेक्षा देवतांच्या तंबूंपुढे गावकरी हात धरून नाटी नाचतात, तिथे जाऊन बस. कोणीतरी हात धरून तुलाही आत ओढेल. रथांना आणि वाद्यांना मात्र विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि छायाचित्र घेण्याआधी कारदाराची परवानगी घ्यावी.

तारखांचा मेळ बसवताना पंचांग समोर ठेव. दसरा ऑक्टोबरच्या आरंभी आला तर सप्टेंबरच्या अखेरीस खिंड ओलांडून वेळेवर खाली येता येते. अधिक मासामुळे तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेला, तर तोवर खिंडीत बर्फ पडण्याचा संभव असतो. तसे असल्यास हंपता सप्टेंबरसाठी राखून ठेव आणि दसऱ्याच्या वेळी जलोडीच्या बाजूने ये. त्या वाटेवर एखाद्या देवतेच्या लवाजम्यासोबत काही अंतर चालण्याची परवानगी मागता येईल. मला स्वतःला तसे चालण्याची फार इच्छा आहे आणि तू बरोबर असलास तर याहून आनंदाचे काही नाही. राहण्याची सोय मात्र लवकर करावी लागते. ज्या घरी मी उतरलो होतो त्यांनी पौषापर्यंत कळवण्यास सांगितले आहे, तेव्हा रजेचा अंदाज घेऊन दिवाळीनंतर लगेच उत्तर पाठव.

तीर्थरूप आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र,
श्रीधर